कोरडा पळा

४ मार्च

काड्या,

आधी महत्त्वाचं सांगतो. मी तुला माफ केलं.

आता बसून घे. अकरा वर्षांनी दादाचं पत्र आलंय म्हणून तू उभ्या उभ्याच वाचत असशील. पत्ता तुझ्या वहिनीने मिळवला. तू बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतोस म्हणे. ओताऱ्याच्या पोटी जन्मून बर्फात! असो. ज्याची त्याची चामडी.

कारण असं की चर्चच्या मंडळीने मला सेवक निवडलंय. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला माझ्या हातात असेल. हो, माझ्याच. हसू नकोस. तुझी वहिनीही हसली. म्हणाली, "करून करून भागला आणि देवपूजेला लागला." मी म्हटलं, तोंड आवर. पण मारलं नाही. दोन वर्षं झाली, मी घरात कुणावर हात उचललेला नाही. दारू तर बाबा गेले त्याच वर्षी सोडली. उपासनेला घंटा व्हायच्या आधी हजर असतो, बाक पुसतो, म्हाताऱ्यांना हात धरून बसवतो. लोक बघतात. बघू देत.

पाळकसाहेबांची एक अट आहे. प्याला धरणाऱ्याचं मन आधी स्वच्छ हवं. "हात मी बघतो, मन तुम्ही बघा," म्हणाले. ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी मिटवा आणि मग या. मी दोन दिवस विचार केला. माझं वाकडं फक्त तुझ्याशी आहे.

त्यांना सगळं मुळापासून सांगावं लागलं. ते नवीन आहेत आणि पितळेच्या कामातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. सांगितलं, पितळ मुशीत, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, वितळवतात, तिथून पळ्याने उचलतात आणि साच्यात ओततात. पळा म्हणजे लांब दांड्याची लोखंडी वाटी. तो आधी भट्टीच्या कडेला ठेवून तापवायचा, पार कोरडा करायचा. ओला पळा मुशीत बुडवला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि पितळ उडतं. थेंबभर पाणी पुरतं. आमच्याकडे पळा तापवायचं काम धाकट्याचं होतं. धाकट्याने तो तापवला नाही. बाबांनी बुडवला.

बाबांचा चेहरा तू पाहिलास. मी पाळकसाहेबांना तोही सांगितला. डोळे कसे गेले, गळ्याखाली पितळ कसं चिकटून बसलं, इस्पितळात ते कातडीसकट कसं काढलं. एकोणीस दिवस ते ओरडले. विसाव्या दिवशी गप्प झाले. मग मी तुला इस्पितळाच्या फाटकात गाठून तुझा जबडा मोडला, तेही सांगितलं. तीन ठोसे. तिसऱ्याला आतून आवाज आला. त्याचं मला वाईट वाटत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण आता राग नाही, हे लिहून देतो.

तू दोन ओळी पाठव. माफी मिळाली, एवढंच. पाळकसाहेबांना दाखवायची आहे.

आई बरी आहे. आपल्या पितळेच्या कारखान्यासाठी चामड्याचे हातमोजे शिवते अजून. तुझं नाव काढत नाही.

दादा


२३ मार्च

काड्या,

मी दोनच ओळी मागितल्या होत्या आणि तू दोनच पाठवल्यास. पण ही असली दुसरी ओळ कुणी मागितली होती?

"दादा, माफी मिळाली. पळा मी त्या सकाळी भट्टीच्या कडेला ठेवला होता असं मला अजून वाटतं, पण खात्री नाही."

खात्री नाही तर लिहितोस कशाला? बर्फात राहून डोकं गोठलं का तुझं? हा कागद मी पाळकसाहेबांना कसा दाखवू? अकरा वर्षं गप्प बसलास आणि माफी मिळाल्यावर तुला पळा आठवला! माझ्याइतका मोठ्या मनाचा भाऊ तुला शोधून सापडायचा नाही आणि तू माझ्याच बोलण्याला फाटे फोडतोस.

कागद खिशात घालून कामावर गेलो. नळाच्या तोट्यांचं ओतकाम चालू होतं. आपल्याकडे एक नवा गडी आलाय, चांगला चाळिशीचा, तोंडाने सारखा बडबडतो म्हणून त्याला सगळे पोपट म्हणतात. तर हा पोपट मुशीजवळ उभा राहून पाणी प्यायला आणि उरलेलं पेल्यातून झटकलं. मुशीपासून चार हातांवर. मला पुढचं धड आठवत नाही. माझ्या हातात मोठा चिमटा होता. लोकांनी मला मागे ओढलं तेव्हा पोपट वाळूत पडला होता आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडे वळली होती. वाळूवर रक्त सांडलं होतं आणि तो ओरडत होता, "अहो, पाणी होतं नुसतं! पाणी!"

साचेवाले काका आठवतात ना? बाबांच्या वेळचे, साचे करून करून कंबरेत वाकलेले? ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पाण्याची एवढी धास्ती तुला कधीपासून रे?"

मी म्हटलं, "बाबा गेल्यापासून." काही चुकीचं बोललो का?

घरी आलो तर तुझ्या वहिनीने शर्ट धुवायला घेताना तुझा कागद वाचला होता. तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि फक्त एवढं म्हणाली, "खाई त्याला खवखवे." मी तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला. दोन वर्षांनी घरात हात उचलला आणि तो तुझ्यामुळे, हे लक्षात ठेव.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी पोपटाला भेटायला आले आणि मग भट्टीपाशी आले. मी वितळलेल्या पितळेवरचा मळ काढत होतो. झालं! भट्टीपाशी येणारा प्रत्येक पाळक तेच प्रवचन देतो: आग लागली की मळ वर येतो, तसाच देव आपल्याला तापवतो. मी म्हटलं, साहेब, आमचे बाबा म्हणायचे की वरचा मळ पोरंसोरंही काढतील. तळाला चिकटतो तो वर येत नाही. मूस रिकामी करून, गरम असतानाच, सळईने खरवडावा लागतो. नाहीतर पुढचं सगळं पितळ नासतं.

पाळकसाहेब म्हणाले, "मग कधी खरवडणार?"

मी म्हटलं, मुशीबद्दल बोलतोय मी.

बाबांचं निघालंच आहे म्हणून विचारतो. आदल्या संध्याकाळचं तुला आठवतं? बाबांनी जेवताना सांगितलं होतं, उद्यापासून ओतायला धाकटा उभा राहील. मी नाही, तू. माझ्यानंतर आठ वर्षांनी जन्मलेला तू. मी विचारलं, का? तर म्हणाले, "रागीट माणसाच्या हातात तापलेलं पितळ देऊ नये." आईसमोर, तुझ्या वहिनीसमोर. तू खाली मान घालून हसलास. नाही म्हणू नकोस, मी पाहिलं.

नवीन कागदावर फक्त पहिली ओळ लिहून पाठव.

दादा


१४ एप्रिल

काड्या,

तू काहीच पाठवलं नाहीस. ठीक आहे. आता त्याची गरजही नाही.

गेल्या शनिवारी पाळकसाहेबांनी मला सरावाला बोलावलं. प्याला कसा धरायचा, कसा पुढे करायचा, कड कशी पुसायची. प्याल्यात त्यांनी साधं पाणी ओतलं होतं. ते माझ्यापुढे धरून म्हणाले, "घ्या." मी हात पुढे केला आणि माझी बोटं काही मिटेनात. मी वीस वर्षं मणभर मूस उचलतो रे! त्यांनी पुन्हा म्हटलं, घ्या ना. पाणी हललं आणि माझं डोकं गेलं. मी त्यांची कॉलर धरून त्यांना कपाटावर आपटलं. काच फुटली. मानेमागे कापलं त्यांना, पांढऱ्या कॉलरवर रक्त उतरलं. सुक्या बोंबलासारखा माणूस, माझ्या एका ठोशात गेला असता. पण तो ओरडला नाही. म्हणाला, "मारायचं तर मारा. पण मग सांगा."

मी सांगितलं. तुलाही सांगतो.

पळा ओला आहे हे मला माहीत होतं. बाबांनी तो उचलला तेव्हा मी सहा पावलांवर उभा होतो. पहिली धार ते तुला करून दाखवणार होते. "बघ, अशी सोडायची," म्हणाले आणि पळा मुशीकडे नेला. त्यांनी वाकेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. "बाबा" म्हणायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं होतं. आवाज काढला नाही. मग तो धडाका झाला आणि पितळ छतापर्यंत उडालं. बाबा तोंडावर हात घेऊन गोल गोल फिरले, आणि हातच जळायला लागले.

हे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब माझ्याबरोबर गुडघ्यावर बसून रडले. मानेला रुमाल लावून रडले. त्यानंतर मी तीन दिवस पोटभर झोपलो. तुझी वहिनी म्हणाली, घोरलात. वाटलं, झालं, खरवडून निघालं.

तेव्हा आता सरळ बोलू. पळा तू जमिनीवर टाकून गेला असशील, दाराजवळच्या बादलीपाशी, म्हणून तो भिजला असेल. ती तुझी चूक. मी पाहूनही ओरडलो नाही ही माझी. अर्धं तुझं, अर्धं माझं. एकमेकांना माफ करू आणि मोकळे होऊ. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी आता प्याला धरू शकतो. काल पुन्हा सराव केला. बोटं नीट मिटली.

दादा


५ मे

काड्या,

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. डावा डोळा सुजून बंद झालाय आणि जबडा पट्टीने बांधलाय. का ते सांगतो. या वेळी सगळं क्रमाने सांगतो, मध्ये काही गाळत नाही.

शनिवारी संध्याकाळी आईने मला पांढरा शर्ट घालून बघायला लावला. स्वतः शिवलेला. चामडं शिवून शिवून तिची बोटं जाड झालीत, तरी कॉलर अशी बसवली की शिंप्याने तोंडात बोट घालावं. मला उभं करून चारी बाजूंनी बघितलं. म्हणाली, "तुझे बाबा असते तर ऊर भरून आला असता त्यांचा." मग जेवायच्या आधी ती रोज करते तशी प्रार्थना केली. मी रोज डोळे मिटून ऐकतो. अकरा वर्षं ऐकतोय. तिने माझ्यासाठी मागितलं, तुझ्या वहिनीसाठी मागितलं, आणि मग शेवटी नेहमीचं: "आणि त्याच्या हाताला कधी यश देऊ नकोस, प्रभू. ज्या हाताने बाप मारला त्या हाताला घास गोड लागू देऊ नकोस. आमेन."

मीही आमेन म्हणायचो. अकरा वर्षं, रोज दोन वेळा.

त्या दिवशी माझं आमेन आलं नाही. आई डोळे उघडून बघायला लागली. मी पांढऱ्या शर्टात बसलो होतो. मी म्हटलं, आई, तो हात माझा आहे.

तिला आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलो होतो. तू आलास, भट्टी पेटवलीस, पितळ वितळेपर्यंत आपलं काम केलंस आणि परसाकडे गेलास. मी वाळूच्या ढिगामागे होतो. मी भट्टीकडे गेलो, पळा उचलला आणि चिमटे गार करायच्या बादलीत बुडवला. चर्र झालं. गार होईपर्यंत धरून ठेवला. आदल्या रात्रीचं तुझं हसू डोळ्यांपुढे होतं. मला तू मरायला नको होतास, देवाशपथ. मला तुझा एक हात हवा होता. एक हात भाजला की ओतायची जागा माझी, एवढंच. वरवर पुसला, दांड्याच्या जोडात पाणी राहिलं आहे हे बघितलं आणि तू येताना दिसलास तसा पळा परत ठेवला, पण आचेपासून जरा लांब. बाबा मध्ये येतील हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आले तेव्हा ओरडलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? म्हणून नाही ओरडलो. बापाच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. आणि मग तुझा जबडा मोडला तो रागाने नाही मोडला. तुझं तोंड बंद राहावं म्हणून मोडला.

आईजवळ चामडं ठोकायचा लाकडी ठोकळा असतो. तिने तो घेतला आणि माझ्या डोक्यात घातला. मग कानावर. मग तोंडावर. ती नुसती मारत होती, श्वास लागला तरी मारत होती. तुझी वहिनी आडवी आली तर मी तिला बाजूला केलं. पांढरा शर्ट लाल झाला. दात तुटून जमिनीवर पडला तेव्हा आई थांबली. दाताकडे बघत राहिली. मग ठोकळा मांडीवर घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "मी माझ्या लेकराला शाप दिले. देवासमोर बसून दिले. आता ते परत कसे घेऊ रे मेल्या? परत कसे घेऊ?"

मला वाटत होतं माझं पाप माझ्या मनात आहे, तिथून खरवडलं की संपलं. ते आईच्या प्रार्थनेत गेलं होतं. दोन वेळा, ताटासमोर. तुझ्याविरुद्ध देवाकडे मी माझ्या आईला पाठवत होतो.

रविवारी तसाच गेलो. त्याच शर्टात. वहिनी म्हणाली, बदला तरी. मी नाही बदलला. प्याला मांडलेला होता. पाळकसाहेबांनी माझं तोंड बघितलं आणि बाजूला सरकून मला पुढे उभं राहू दिलं. मी मंडळीला सगळं सांगितलं, बादलीपासून जबड्यापर्यंत. पोपटाचंही सांगितलं, पाळकसाहेबांच्या मानेचं, वहिनीच्या ओठाचं. सांगून झाल्यावर मी प्याल्याला हात न लावता खाली उतरलो.

बाहेर साचेवाले काका उभे होते. तो वाकलेला म्हातारा रडत होता. म्हणाला, "मी त्या पोराला दुसऱ्या दिवशी कामावरून हाकलून दिलं रे. माझ्या तोंडाने." आणि मला मारलं. सत्तरीचा माणूस, पण हात साचेवाल्याचा. जबडा तिथे गेला. डावीकडचा. तुझाही डावाच होता ना? मी खाली पडलो. पोपट तिथेच होता, बोटांना पट्ट्या. त्याला वाटलं असतं तर लाथ घालता आली असती. त्याने मला धरून उठवलं आणि बडबडायला लागला, "अहो जपून, अहो जपून." मला लाथेपेक्षा ते जास्त लागलं.

पाळकसाहेब रात्री घरी आले. मी विचारलं, आता झालं का मन स्वच्छ? ते म्हणाले, "मला माहीत नाही. पण आता तिथे दुसऱ्याला ठेवायला जागा झाली आहे." प्याला आता कुणी हातात दिला तरी मला नको. बाक पुसायला ठेवलं तर पुसेन.

आज दुपारी मी पोलीस चौकीत जाणार आहे. सगळं लिहून देणार. ते काय करतील ते करोत. पाळकसाहेब बरोबर येतो म्हणाले. आईही म्हणाली, पण मी नको म्हटलं, कारण तिला दुसरीकडे जायचंय.

आई तुझ्याकडे येतेय. गुरुवारी सकाळच्या गाडीने. एकटीच येणार, मला बरोबर घेणार नाही. तुझ्यासाठी हातमोजे शिवलेत, आतून लोकर लावून, बर्फासाठी. काल दिवसभर तेच शिवत होती. तुझ्या हाताचं माप तिला आठवत होतं. तिच्याशी काय बोलायचं ते तू ठरव. दार उघडलं नाहीस तरी ती पायरीवर बसून राहील असं म्हणाली, आणि ती बसेलच, तुला माहीत आहे.

मी पहिल्या पत्रात तुला माफ केलं होतं. ते पत्र फाडून टाक. मला माफ कर असंही म्हणत नाही. ते तुझ्याकडे मागायचं माझं तोंड नाही, आणि आता तर खरंच बांधलेलं आहे.

एकच गोष्ट द्यायची राहिली. तू लिहिलं होतंस की खात्री नाही. अकरा वर्षं तू त्या सकाळी पुन्हा पुन्हा जाऊन बघत असशील, ठेवला होता का, नव्हता का. तू तिथे नव्हतास, मी होतो. वाळूच्या ढिगामागून मी बघत होतो.

काड्या, तू पळा ठेवला होतास. भट्टीच्या कडेला, तोंड खाली करून, बाबांनी शिकवलं होतं तस्साच. मी उचलला तेव्हा तो कोरडा होता. इतका तापलेला की माझा हातमोजा करपला.

दादा